टंचाईच्या वर्षातील प्रायश्चित्तकाळ

पुणे धर्मप्रांतातील सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. राखेचा बुधवार येतो त्या सुमारास ज्वारीची काढणी चालू असते आणि विहिरी तळ गाठू लागतात. अर्थात लादलेली टंचाई म्हणजे उपवास नव्हे. उपवास स्वेच्छेचा असतो.

२०१६ साली उजनी धरणाचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात गेले होते. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०१५ रोजी आरंभिलेले दयेचे वर्ष तेव्हा चालू होते. तहानलेल्यास पाणी देणे हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी एक. टँकरच्या रांगेत आपली घागर मागे घेऊन ते पाळणे किती अवघड, हे रांगेत उभा राहिलेलाच जाणे.

आपले आध्यात्मिक नवीकरण बरे दिवस आल्यावर होईल, असे आपण बहुधा धरून चालतो. त्या प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी, २८ फेब्रुवारीस, अंजिराच्या निष्फळ झाडाचा दाखला (लूक १३:६-९) वाचनात होता. धनी झाड तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. तो नुसती मुदत मागत नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते: भोवती खणून खत घालण्याचे काम तो स्वतःकडे घेतो. पुढे झाडाला फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.