युजरनेम, पासवर्ड आणि गुळाची ढेप

लिनक्स इन्स्टॉल करताना एका टप्प्यावर विचारलं जातं: तुमचं नाव काय, युजरनेम काय, पासवर्ड काय. आमच्याकडे हमखास प्रश्न येतो, "अरे, मशीन माझं, बसणार मी एकटा, मग ही चौकशी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी १९६१ पर्यंत मागे जावं लागतं.

एमआयटीमधे फर्नांडो कोर्बाटो आणि मंडळींनी सीटीएसएस नावाची प्रणाली उभी केली. एकच अवाढव्य मशीन, वापरणारे अनेक. चाळीतला सामायिक नळच म्हणा ना! प्रत्येकाला वेळ ठरवून दिलेला आणि फायली ज्याच्या त्याच्या, म्हणून पासवर्ड आला. गंमत म्हणजे १९६२ मधेच अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने पासवर्डची अख्खी फाइल छापून घेतली. हेरगिरी वगैरे काही नाही हो, वाट्याचा वेळ पुरत नव्हता इतकंच. मला तर या गड्याचं कौतुक वाटतं. पण पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवणं किती धोक्याचं, ते तिथेच दिसलं.

युनिक्सवाल्यांनी यावर तोड काढली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांचा १९७९ चा लेख त्याबद्दलच आहे. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा गूळ करून ठेवायचा. उसाचा गूळ होतो, गुळाचा ऊस होत नाही. तुम्ही टाइप केलंत की पुन्हा गूळ करून जुन्याशी ताडून बघायचं. वर चिमूटभर 'मीठ', म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ढेपा वेगळ्या दिसतात. (मीठ हा त्यांचाच शब्द बरं का, गूळ माझा.)

तरी खुद्द थॉम्प्सनचा जुना पासवर्ड २०१९ मधे फुटलाच. निघाली काय, तर बुद्धिबळातली चाल: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे!

आता आपल्या एकट्याच्या मशीनचं. लिनक्सने युनिक्सचीच रीत उचलली. रूट म्हणजे सर्वाधिकारी, त्याला काहीही पुसता येतं. तुमच्या साध्या खात्यातून एखादा प्रोग्रॅम बिघडला, तर तुमच्या फायलींचं वाटोळं होईल, पण सिस्टिम सहसा शाबूत राहील. २००४ मधे उबुंटू आलं ते रूटचं खातं कुलूपबंद ठेवूनच. तिथे इन्स्टॉल करताना बनवलेलं पहिलं खातं सुडो लावून तेवढ्यापुरते रूटचे अधिकार घेतं. म्हणून नवीन सॉफ्टवेअर टाकताना ते पुन्हा तुमचाच पासवर्ड मागतं.