शनिवारवाड्याचे तीन साक्षीदार

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले लाकडी महाल, दिवाणखाने जळून गेले. उरले ते तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना आणि आतली जोती. या वाड्याचे वैभव पुन्हा मांडायचे तर साक्षीदार तीन: कागद, चित्र आणि जोते. प्रत्येकाला त्याला ठाऊक असेल तेवढेच विचारावे.

पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२; दोन्ही शनिवारी, असे सांगितले जाते. आजच्या पद्धतीने मोजले तर दोन्ही दिवशी मंगळवार येतो. तरीही नोंद खरी आहे, कारण या तारखा तेव्हाच्या इंग्रजी, म्हणजे ज्युलियन, गणनेतल्या आहेत. अकरा दिवस मिळवले की २१ जानेवारी १७३० आणि २ फेब्रुवारी १७३२ येतात, दोन्ही शनिवारच.

बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. हा आकडा फार तर पहिल्या बाजीरावाच्या मूळ वाड्याचा. तटाचे काम नानासाहेबांच्या काळात पुरे झाले, गणेश रंगमहाल १७५५ चा. तेव्हा आजचा सगळा परिसर या रकमेच्या खाती घालता येत नाही.

रंगमहालाची आपली कल्पना मुख्यतः थॉमस डॅनिएलच्या १८०५ च्या चित्रावर बेतलेली आहे. त्यात सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तह करताना दिसतो. दरबार १७९० चा. चित्राला आधार जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा. पण वेल्स हिंदुस्थानात आला १७९१ मध्ये आणि वारला १७९५ मध्ये. म्हणजे तो प्रसंग त्याने पाहिलेला नाही. कोण कुठे बसले होते, यासाठी हे चित्र पुरावा नव्हे. दालनाचे मात्र वेगळे. सुरूच्या आकाराचे खांब आणि त्यांवरच्या महिरपी चित्रकाराने मनाने रचल्या नसाव्यात, कारण तसले कोरीव लाकडी खांब दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जात आजही उभे आहेत.

जोत्यांवरून दालनांची लांबी-रुंदी मोजता येते. सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याची जागाही पक्की आहे. उंचीबाबत मात्र जोती मुकी आहेत. वाडा सातमजली होता आणि मेघडंबरीवरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसे, ही ऐकीव माहिती ‘सांगतात’ याच क्रियापदाने लिहावी. मापे आणि ऐकीव एकाच ओळीत बसवली, की वाड्यावर आपल्याच हौसेचा आणखी एक मजला चढतो.