एकाच वाटेच्या दोन खुणा

खाप्यास पत्र पाठवावयाचे झाल्यास आपण काय लिहितो? प्रथम माणसाचे नाव, मग घर, मग खापा, तालुका सावनेर, जिल्हा नागपूर. खापा नावाची गावे विदर्भात एकाहून अधिक आहेत. म्हणून तालुका राहिला तर पत्र कन्हानच्या काठी न येता भलतीकडेच जावयाचे. १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेप्रमाणे पिनकोड आला, तेव्हा हाच पत्ता उलट्या दिशेने वाचला जाऊ लागला: आधी मोठा विभाग, मग त्यातील लहान. तलाठ्याच्या दप्तरातही हीच रीत आहे. ४५/२ असे लिहिले, की सर्व्हे नंबर ४५ मधील दुसरा हिस्सा, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

संगणकातील कागदास असाच पत्ता लागतो. मोठ्या कप्प्यात लहान कप्पा, त्यात कागद. आणि दोन नावांच्या मध्ये एक तिरपी रेघ. ही साधी रेघ जगात दोन प्रकारची का झाली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि त्याचा उपद्रव आजही संपलेला नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 'मल्टिक्स' नावाच्या एका अवजड योजनेतून अंग काढून घेतले, तेव्हा १९६९ साली केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी एका लहान यंत्रावर 'युनिक्स'ची उभारणी आरंभिली. मल्टिक्समध्ये कप्प्यांच्या नावांमध्ये > हे चिन्ह असे. युनिक्सने त्या जागी / ही रेघ घेतली. सर्व कप्प्यांचे मूळ एकच, आणि त्याचेही चिन्ह तेच.

दुसरी परंपरा १९८१ सालच्या डॉस प्रणालीची. त्या वेळच्या लहानशा फ्लॉपी चकतीवर मोजकेच कागद मावत, कप्पे नव्हतेच. / ही रेघ तेथे निराळ्याच कामी लागली होती: आज्ञेपुढे पर्याय सांगण्याच्या. ही सवय त्याहून जुन्या यंत्रांवरून आलेली. पुढे १९८३ साली आयबीएमच्या नव्या यंत्रात दहा मेगाबाइटची कायमची चकती बसली, कप्प्यांवाचून चालेना. परंतु / तर गुंतलेली! जुन्या आज्ञा मोडू नयेत म्हणून \ ही उलटी रेघ घेतली गेली. विंडोजने तोच वारसा पुढे चालविला.

ही उलटी रेघही मूळची या कामाची नव्हे. बॉब बीमर यांनी १९६१ साली ती संगणकाच्या अक्षरसंचात सुचविली, ती 'आणि' व 'किंवा' या अर्थांची गणिती चिन्हे दोन रेघा जोडून काढता यावीत म्हणून.

कोणी म्हणेल, रेघ उलटी केली की काम झाले. तसे होत नाही. समजा, विंडोजवर जमिनीच्या कागदाचा पत्ता आहे,
सी:\नागपूर\खापा\उतारा
युनिक्स धाटणीच्या प्रणालीत 'सी' नावाची वेगळी चकती नसते. तेथे सारे एकाच मुळाखाली. म्हणून विंडोजच्या आतच चालणाऱ्या लिनक्समध्ये तोच पत्ता असा होतो,
/एमएनटी/सी/नागपूर/खापा/उतारा
शिवाय युनिक्स रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर वेगळे मानते, विंडोज सहसा मानीत नाही. आपल्या लिपीत हा भेदच नसल्याने तो ध्यानीही राहत नाही. याहून गमतीची गोष्ट म्हणजे, रिचींच्या 'सी' भाषेत उलटी रेघ व तिच्यापुढे रोमन 'एन' आले, की अर्थ होतो 'नवी ओळ'. पत्त्यात रोमन लिपीत नागपूर जसेच्या तसे लिहिले, की नागपूरचे पहिले अक्षर गिळले जाते आणि पुढच्या ओळीत 'आगपूर' उरते!

या दोन जगांत दुभाषे निर्माण झाले. १९९५ पासूनच्या सिग्विन प्रकल्पात 'सिगपाथ' हे साधन आहे. २०१६ नंतर विंडोजमध्येच आलेल्या लिनक्ससाठी 'डब्ल्यूएसएलपाथ' आहे. दोन्ही साधने पत्ता घेतात व दुसऱ्या धाटणीत लिहून देतात.

यात आपला संबंध काय? आज घराघरांतील खरेदीखते, उतारे, वडिलांची हस्तलिखिते संगणकात जात आहेत. उताऱ्याच्या चित्रास कोणी हौसेने '७/१२' असे नाव देऊ पाहील, तर विंडोज ते नाकारील. आणि युनिक्स 'सात' नावाचा कप्पा शोधू लागेल. पूर्वी कागद वाळवीने जात. आता कागद शाबूत असतो, त्याची वाट तेवढी हरवते. आणि वाट हरवलेला कागद वारसास नसल्यासारखाच.

म्हणून आमची विनंती एवढीच: नावे साधी ठेवावीत, त्यांत कोणतीही तिरपी रेघ घालू नये, आणि कोणता कागद कोठे ठेवला हे घरातील दुसऱ्या कोणासही सांगून ठेवावे. १९८३ साली जुनी सवय मोडू नये म्हणून घेतलेला एक लहानसा निर्णय जगाने चाळीस वर्षांहून अधिक काळ वाहिला. आपण आज पाडलेली वाटही आपल्या नातवंडांनाच चालावयाची आहे.