सर्वसहमतीचे वक्तृत्व

मराठी वक्तृत्वाचा इतिहास आपण बहुधा व्यासपीठाकडे पाहून लिहितो. 1875 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून शाळांतील स्पर्धांपर्यंत चित्र एकच : एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने मात्र सभेत बोलण्याची निराळी रीत घडवली.

1980 च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्याच काळात देवाजी तोफा आणि गावाचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने ग्रामसभा आकाराला आली. तिने दोन गोष्टी पाळल्या. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा. आणि चर्चेसाठी वेगळा अभ्यासगट ठेवायचा, जिथे निर्णय होत नाही.

या दोन नियमांनी बोलण्याचा पोत बदलतो. बहुमताच्या सभेत निम्म्याहून थोडे अधिक लोक जिंकले की वक्त्याचे काम संपते. सर्वसहमतीत शेवटच्या माणसाची शंका फिटेपर्यंत बोलावे लागते. त्यासाठी आधी ती नीट ऐकावी लागते. अभ्यासगटात काही पणाला लागलेले नसल्याने मत बदलणे म्हणजे हार ठरत नाही. सभेत बिचकणाऱ्यालाही तिथे प्रश्न विचारता येतो.

या सरावाचा कस बांबूच्या प्रश्नावर लागला. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू वाहून नेण्याचा परवाना अडला. 1927 च्या वन कायद्यानुसार 2017 पर्यंत बांबू हे झाड होते. 2006 च्या वनहक्क कायद्यात मात्र तो स्पष्टपणे गौण वनोपज. गावाने कायद्याचा आधार सोडला नाही. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

या रीतीला वेळ फार लागतो. एकट्या पडलेल्या माणसावर गप्प बसण्याचे दडपण येण्याचा धोकाही असतोच. तरी आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेतला गोंगाट आठवला, की चर्चेची बैठक आणि निर्णयाची बैठक वेगळी ठेवण्याचा हा साधा उपाय करून पाहावासा वाटतो.