वानखेडेचा टॉस : एका सौद्याची उलटी मोजणी

१ एप्रिल २०२४, सोमवार, संध्याकाळचे सात. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर मुंबईच्याच प्रेक्षकांनी मुंबई इंडियन्सच्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. कर्णधार टॉसला उभा होता, एक चेंडूही पडलेला नव्हता. आयपीएलमध्ये पराभव पुष्कळ होतात आणि विसरलेही जातात. घरच्या मैदानावर घरच्याच माणसाची अशी मानहानी मात्र विसरता येत नाही. ती एका संध्याकाळी घडली नाही, चार महिने तासातासाने शिजत होती. बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकात बसून आम्ही ती शिजताना पाहिली, आणि चुलीत लाकडं सारणाऱ्यांत आम्हीही होतो.

धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता मांजरसुंब्यात एकमेकांना छेदतात. बस इथे थांबते, ट्रक थांबतो, चहा होतो आणि चहासोबत वाद. त्या हिवाळ्यात वाद एकच होता.

२६ नोव्हेंबर २०२३, दुपार. उरले १२७ दिवस.

अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना हरून बरोबर एक आठवडा झालेला. सलग दहा सामने जिंकून रोहित शर्माचा संघ अकराव्यात अडला होता. हार्दिक पांड्या त्या अंतिम सामन्यात नव्हता. १९ ऑक्टोबरला पुण्याजवळ गहुंज्यात, बांगलादेशाविरुद्ध गोलंदाजी करताना त्याचा घोटा दुखावला होता.

आज दहाही संघांनी कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, ते सांगायचा शेवटचा दिवस. हार्दिक गुजरात टायटन्स सोडून मुंबईत परत येणार, ही कुजबुज दोन दिवसांपासून सुरू आहे. चौकात सरळ दोन तट पडलेत.

"येऊ द्या की! धा लाखात आपणच आणलावता त्याला."

खरं आहे. २०१५ मध्ये मुंबईने हार्दिकला १० लाखांत घेतलं. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी चार विजेतेपदं त्याने मुंबईकडून पाहिली. २०२२ मध्ये गुजरातने त्याला १५ कोटींना घेऊन कर्णधार केलं. त्याने पहिल्याच वर्षी चषक जिंकून दिला आणि दुसऱ्या वर्षी संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

"येईल, पण गड्या, कर्णधार असलेला माणूस नुस्ता खेळाडू म्हणून येईल का?"

हा प्रश्न पंक्चर काढणाऱ्या एका पोराने विचारला. पुढचे तीन आठवडे टीव्हीवरच्या कोणत्याही चर्चेत याहून नेमका प्रश्न आमच्या कानावर आला नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. उरले ३,०४९ तास.

याद्या जाहीर झाल्या. गुजरातच्या यादीत हार्दिकचं नाव कायम, तेही कर्णधार म्हणून. एका तटाने टाळ्या पिटल्या, दुसऱ्याने अफवा पसरवणाऱ्यांना शिव्या दिल्या. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

दोनएक तासांनी.

तिरुवनंतपुरमला भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी सामना सुरू झालेला. जैस्वाल, ऋतुराज आणि ईशान तिघांनी अर्धशतकं ठोकली, भारताने २३५ धावा उभारल्या. एरवी ऋतुराजच्या फटक्यांवरून नजर हलली नसती. त्या रात्री मात्र सगळे फोनमध्ये डोकी घालून बसलेले. बातमी आली होती की सौदा झाला, हार्दिक मुंबईकडे.

यात नियमबाह्य काही नव्हतं. खेळाडूची संमती लागते, सोडणाऱ्या संघाचा होकार लागतो. मुंबईपुढे अडचण पैशांची होती. हार्दिकचे १५ कोटी भरून लिलावासाठी काही उरवायचं, तर १७.५ कोटींच्या कॅमेरॉन ग्रीनला सोडणं भाग होतं. ग्रीन बंगळुरूकडे गेला आणि हार्दिकची वाट मोकळी झाली. याखेरीज एका संघाने दुसऱ्याला दिलेली हस्तांतराची रक्कम वेगळी. ती लिलावासाठी ठरलेल्या रकमेतून, म्हणजे पर्समधून, वजा होत नाही आणि जाहीरही झाली नाही.

बीड जिल्ह्याला सौदा काही नवा नाही. दर दिवाळीनंतर इथली कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो, कोयत्याचा भाव ठरतो आणि त्यावर चौकाचौकांत तावातावाने बोललं जातं. त्यामुळे १५ कोटींच्या आकड्याने इथे कोणी दचकलं नाही. संध्याकाळी 'ठेवला' म्हणून सांगितलेला माणूस रात्री 'गेला' म्हणून कळतो, हे खटकलं. अविश्वासाची पहिली फट तिथे पडली.

२७ नोव्हेंबर. उरले १२६ दिवस.

सौद्याची अधिकृत घोषणा झाली. गुजरातने त्याच दिवशी शुभमन गिलला कर्णधार केलं. मुंबईचा कर्णधार रोहितच राहणार का, याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी बुमराहने इन्स्टाग्रामवर एक ओळ टाकली. मौन हेच कधीकधी सर्वांत चांगलं उत्तर असतं, असा तिचा अर्थ. त्या ओळीचा अर्थ लावण्यात चौकाचा आठवडा गेला.

आमच्या वादात दोन्ही बाजूंना खरी कारणं होती, हे मला आजही महत्त्वाचं वाटतं. बदल हवा म्हणणारे सांगत की २०२० नंतर चषक नाही, २०२२ मध्ये संघ तळाला गेला, रोहित ३६ वर्षांचा झाला. नको म्हणणारे सांगत की २०१३ च्या हंगामात मध्येच पॉन्टिंगकडून सूत्रं घेऊन ज्याने पाच चषक आणले, त्याला निदान त्याच्या तोंडून निरोप घेऊ द्या. त्यावर पहिल्यांनाही उत्तर सुचत नसे. संघमालकांनी तेव्हाच समोर येऊन आपला विचार मांडला असता, तर चौक भांडला असता, चिडला असता आणि बहुधा पचवून मोकळा झाला असता.

१५ डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळ. उरले १०८ दिवस.

मुंबई इंडियन्सचं पत्रक आलं. कर्णधार हार्दिक पांड्या. पत्रकात संघ-व्यवस्थापनातल्या महेला जयवर्धने यांच्या नावाने भविष्याची तयारी, परंपरा आणि रोहितचे आभार होते. स्वतः रोहितचा एक शब्द नव्हता.

त्या रात्रीपासून लोकांनी संघाची खाती अनफॉलो करायला सुरुवात केली. मुंबईची जर्सी आणि टोपी जाळल्याचे व्हिडिओ फिरू लागले. दुसऱ्या दिवशी सूर्यकुमारने तुटलेल्या काळजाचं चिन्ह टाकलं. आमच्या चौकातल्या एका ट्रकच्या काचेवरचं निळं स्टिकर ड्रायव्हरने नखांनी खरवडून काढलं. तो हार्दिकला शिव्या देत होता. पत्रकावर हार्दिकची सही नव्हती, हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

१९ डिसेंबर, दुबई. उरले १०४ दिवस.

लिलावात मिचेल स्टार्क २४.७५ कोटींना गेला. त्याच सभागृहात एका चाहत्याने मुंबईच्या मालकांपैकी आकाश अंबानींना ओरडून सांगितलं की रोहितला परत कर्णधार करा. काळजी नको, तो फलंदाजी करेल, असं उत्तर आलं. चार महिन्यांत योग्य दारावर पडलेली ही जवळपास एकुलती एक थाप.

६ फेब्रुवारी २०२४. उरले ५५ दिवस.

मध्येच एक उजळ दिवस आला. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात बेनोनीला भारत ४ बाद ३२ असा कोसळला असताना बीडच्या सचिन धसने ९६ धावा केल्या. २४५ चं लक्ष्य दोन गडी राखून पार झालं. चौकाने वाद बाजूला ठेवून पेढे खाल्ले. हीच माणसं दोन महिन्यांनी हुर्योत सामील होणार होती, म्हणून हा दिवस इथे नोंदवतो. प्रेम करता न येणारी माणसं नव्हती ती.

१८ मार्च. उरले १४ दिवस.

मुंबईत हार्दिक आणि प्रशिक्षक मार्क बाउचर पत्रकारांसमोर बसले. कर्णधार करण्याची अट घालून तू आलास का, असं हार्दिकला विचारलं गेलं. तो गप्प. रोहितला हटवण्याचं कारण बाउचरना विचारलं. तेही गप्प. वणवा विझवायची ती शेवटची संधी होती.

२४ मार्च, रविवार, अहमदाबाद, संध्याकाळी सात. उरले १९२ तास.

टॉसलाच हुर्यो. ज्या शहराला त्याने चषक दिला, तिथेच. मैदानात कुत्रं शिरलं तर प्रेक्षकांनी हार्दिकच्या नावाने पुकारा केला. बुमराह असताना हार्दिकने पहिलं षटक स्वतः टाकलं आणि तीन षटकांत ३० धावा दिल्या. बुमराहने १४ धावांत तीन बळी घेतले. मुंबई गुजरातकडून सहा धावांनी हरली. पण दुसऱ्या दिवशी चौकात चर्चा एकाच दृश्याची होती : हार्दिक रोहितला सीमारेषेकडे पाठवतो आहे.

२७ मार्च, हैदराबाद. उरले १२० तास.

सनरायझर्स ३ बाद २७७. आयपीएलमधला तोवरचा सर्वांत मोठा डोंगर. सतरा वर्षांच्या क्वेना मफाकाने पदार्पणात चार षटकांत ६६ धावा मोजल्या. मुंबईनेही २४६ केल्या, पण हार्दिकच्या २० चेंडूंतल्या २४ धावा तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या.

१ एप्रिल, वानखेडे, सात वाजता. शून्य.

समालोचक संजय मांजरेकरांनी हार्दिकचं नाव घेऊन टाळ्यांचं आवाहन केलं. उत्तरादाखल हुर्यो उठली. जरा नीट वागा, असं मांजरेकरांना प्रेक्षकांना माइकवरून सांगावं लागलं.

साडेसातला राजस्थानविरुद्ध खेळ सुरू झाला. बोल्टच्या पहिल्याच षटकात रोहित आणि नमन धीर आपापल्या पहिल्या चेंडूवर बाद. मग ब्रेव्हिसही पहिल्याच चेंडूवर. ४ बाद २०. हार्दिकने २१ चेंडूंत ३४ धावा करून थोडी लाज राखली, तरी डाव १२५ वर थांबला. राजस्थानने १५.३ षटकांत सामना खिशात घातला, रियान पराग नाबाद ५४.

सीमारेषेजवळ उभ्या रोहितने हात हलवून प्रेक्षकांना खुणावलं, हे थांबवा. ज्याच्यासाठी भांडतो असं प्रेक्षक म्हणत होते, त्यानेच त्यांना थांबवलं.

त्यानंतर

हंगाम गेला तो गेलाच. १४ एप्रिलला रोहितने चेन्नईविरुद्ध नाबाद १०५ केल्या, पण धोनीने हार्दिकच्या शेवटच्या षटकात सलग तीन षटकार खेचले होते आणि मुंबई बरोबर २० धावांनी हरली. चौदा सामने, चार विजय, दहावं स्थान.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायच्या होत्या. रोहितने चेंडू हार्दिककडे दिला. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला वानखेडेने हार्दिकच्या नावाचा जयघोष केला. लोकांना वाटलं, हिशेब मिटला. मला तसं वाटत नाही. जयघोषाने अपमान पुसला जातो, रागाचा चुकलेला पत्ता दुरुस्त होत नाही.

रागाचा बरोबर पत्ता कसा असतो, हे पुढे बास्केटबॉलने दाखवून दिलं. २ फेब्रुवारी २०२५, रविवार, आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा. डॅलस मॅव्हरिक्सने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे देऊन अँथनी डेव्हिसला घेतल्याची बातमी फुटली. हाही सौदा गुपचूप झाला होता, इतका की बातमी देणाऱ्याचं खातं हॅक झालं असं लोकांना वाटलं. डॅलसच्या चाहत्यांनी स्टेडियमबाहेर शवपेटी आणून ठेवली. पण त्यांच्या घोषणा होत्या सौदा करणाऱ्या निको हॅरिसन या महाव्यवस्थापकाविरुद्ध. त्याला काढा, हे ते महिनोन्महिने ओरडत राहिले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनला जावं लागलं. बदल्यात आलेला खेळाडू त्यांनी आरोपी ठरवला नाही.

आम्ही नेमकं उलटं केलं. निर्णय बंद खोलीत झाला, गप्प राहिले ते खोलीतले, आणि शिक्षा भोगली मैदानावर एकट्या उभ्या असलेल्या पोराने. चाहत्याला रागवायचा पूर्ण अधिकार आहे, कारण हा सारा बाजार त्याच्या वेळेवर आणि पैशावर चालतो. म्हणूनच तो राग वाया घालवणं गुन्हा आहे.

सौदे थांबणार नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आणि रवींद्र जडेजा राजस्थानला गेलाच. पुढच्या वेळी चौकात वाद पेटेल तेव्हा पहिला प्रश्न एवढाच विचारूया : हे ठरवलं कोणी, आणि त्यांनी आपल्याला सांगितलं का? उत्तर मिळेपर्यंत त्यांनाच विचारत राहूया. खेळाडूला खेळू द्या.