तेजस्वी स्रोतांच्या यादीची कुळकथा

डिसेंबरात मध्यरात्री पेण-रोह्याच्या आकाशात वृषभ रास डोक्यावर येते. तिच्या एका शिंगाच्या टोकाशी क्रॅब तेजोमेघ आहे. रोह्याच्या खस्वस्तिकापासून उत्तरेला जेमतेम साडेतीन अंशांवरून तो सरकतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, आणि त्याचे क्ष-किरण तर खाली पोचतच नाहीत. वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं. तरीही क्ष-किरण दुर्बीण अवकाशात गेली की तिला दाखवायच्या स्रोतांच्या यादीत त्याचं नाव अगदी वरच्या ओळींत असतं. ही यादी कुणी एका बैठकीत बसून केलेली नाही. तिला साठ वर्षांचं कूळ आहे.

मूळपुरुष सापडला तो अनपेक्षितपणे. जून १९६२मध्ये अमेरिकेतल्या व्हाइट सँड्सहून एरोबी अग्निबाण उडाला. सूर्यप्रकाशामुळे चंद्रावरून क्ष-किरण निघतात का, हे रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचं होतं. वातावरणाबाहेर हातात होती फक्त काही मिनिटं. तेवढ्यात वृश्चिक राशीच्या दिशेने इतके क्ष-किरण आले की सगळ्यांचे अंदाज मागे पडले. हाच स्कॉर्पियस एक्स-१. पुढे २००२मध्ये जियाकोनींना नोबेल मिळालं.

क्रॅबची ओळख पटली ती चंद्राच्या मदतीने. ७ जुलै १९६४ला चंद्र क्रॅबला झाकणार होता. हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने नेमकी ती वेळ साधून अग्निबाण सोडला. स्रोत बिंदूएवढा असता तर चंद्राची कड आड येताच क्ष-किरण एकदम थांबले असते. ते हळूहळू कमी होत गेले. म्हणजे क्ष-किरण पसरलेल्या तेजोमेघातून येत होते. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्याचा स्फोट नोंदवला, त्याच ताऱ्याच्या अवशेषातून.

डिसेंबर १९७०मध्ये ‘उहुरु’ हा क्ष-किरण उपग्रह केनियाच्या किनाऱ्याजवळून अवकाशात गेला आणि यादी पसरली. त्याच्या चौथ्या सूचीत ३३९ स्रोत आले. मग तुलनेसाठी माप हवं झालं. क्रॅब ठळक होता, स्थिर भासत होता. भाताच्या खळ्यावर पायली असावी तसा तो माप होऊन बसला. आजही क्ष-किरण स्रोताचं तेज अमुक क्रॅब किंवा अमुक मिलिक्रॅब असं सांगतात. पण २००८ ते २०१० या काळात क्रॅबच सुमारे सात टक्क्यांनी मंदावल्याचं अनेक उपग्रहांच्या नोंदी ताडून २०११मध्ये स्पष्ट झालं. तेव्हापासून मापाचंही माप घ्यावं लागतं.

या कुळाची एक शाखा आपल्याकडची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने थुंब्याहून अग्निबाण सोडले. त्या कामात उ. रा. राव यांच्याबरोबर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुगे उडवून स्कॉर्पियस एक्स-१ आणि हंस राशीतला सिग्नस एक्स-१ यांचं निरीक्षण केलं. फुग्याच्या वरही थोडी हवा उरते आणि ती कमी ऊर्जेचे किरण गिळते. त्यामुळे जे ठळक असतील आणि जास्त ऊर्जेतही चमकत असतील, त्यांचीच निवड शक्य होती. या अनुभवावर उभा राहिलेला ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा भारतीय उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ला अवकाशात गेला. त्यात टाटा संस्थेचा आणि पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचा मोठा वाटा आहे. त्याच्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या क्ष-किरण उपकरणाने ऑक्टोबरात डोळा उघडला तो क्रॅबकडेच.

१ जानेवारी २०२४ला गेलेल्या ‘एक्सपोसॅट’ या भारतीय उपग्रहाने तर ठळकपणाची गरज आणखी वाढवली, कारण तो क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची कंपनं एकाच दिशेकडे किती झुकली आहेत ते, मोजतो. त्यावरचं ‘पोलिक्स’ हे उपकरण बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत तयार झालं. मधोमध बेरिलियम, चारी बाजूंना मोजणी करणाऱ्या पेट्या. ध्रुवीकरण झालेले किरण बेरिलियमवर आदळून काही दिशांना जास्त विखुरतात. उपग्रह सावकाश स्वतःभोवती फिरतो आणि तो फरक मोजला जातो. किरण नुसते मोजायला थोडे पुरतात. एक टक्का ध्रुवीकरण खात्रीने सांगायला मात्र साधारण दहा लाख फोटॉन लागतात. मंद स्रोताकडे महिनोन्‌महिने पाहत राहिलं तरी तेवढे जमत नाहीत. म्हणून पाच वर्षांत सुमारे चाळीस स्रोत, एवढीच अपेक्षा.

केवळ तेजावर मात्र नाव लागत नाही. सौरपट्ट्यांना ऊन मिळेल अशा बेतानेच उपग्रह वळवता येतो, त्यामुळे प्रत्येक स्रोताचे महिने ठरलेले. शेजारी दुसरा ठळक स्रोत असेल तर दोघांचे किरण मिसळतात. फार तेजस्वी असेल तर मोजणीच तुंबते. आणि एखादं कृष्णविवर अचानक भडकलं, तर ठरलेला कार्यक्रम बाजूला सारून तिकडे वळावं लागतं.

ठळक स्रोत निवडणं म्हणजे सोपं काम निवडणं, असं कुणाला वाटेल. माझ्या मते खरं उलट आहे. सर्वांत अवघड प्रश्न ज्याला विचारता येतो, तोच ठळक स्रोत. क्रॅबच्या पोटात सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरणारा आणि फिरताना किरणांचे स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा आहे. त्याच्या दोन स्पंदांमधल्या काळातही ध्रुवीकरण बदलतं, हे ‘सीझेडटीआय’ने २०१७मध्ये दाखवलं. पन्नास वर्षं मोजलेल्या स्रोतातून हे नवं निघालं. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या नोंदी इस्रोने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. पेण-रोह्याच्या महाविद्यालयातल्या मुलांनी त्या जरूर उघडाव्यात, आणि सुरुवात क्रॅबपासून करावी.