वऱ्हाडातला गोऱ्हा आणि कासरा

गोऱ्ह्याला दोरीच्या इशाऱ्यावर चालायला शिकवणे हे वऱ्हाडात नाक टोचण्याच्या आधीच सुरू होते. वासरू दाव्याला बांधले जाऊ लागले की ताणून उपयोग नाही, हा पहिला धडा त्याला खुंटाच देतो. पुढे तोंडाला म्होरकी चढते आणि पोरेसोरे त्याला पाण्यावर नेऊ लागतात. वेसण येते ती त्यानंतर. नाकपुड्यांमधला मऊ पडदा दाभणाने टोचून आधी बारीक दोरी ओवायची, जखमेला हळद-तेल लावायचे आणि ती भरेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही. ओल्या जखमेवर ओढ बसली तर गोऱ्हा माणसाचा हात जवळ आला तरी डोके झटकतो, आणि ही खोड पुढे मोडता मोडत नाही.

दुदाती, म्हणजे साधारण अडीच-तीन वर्षांचा झाला की त्याला जुवाखाली घेतात. सोबतीला मुरलेला बैल असतो. खरा शिक्षक तोच. धन्याने कासरा हलवला की थोरला वळतो आणि नवख्याला त्याच्यामागे वळावेच लागते. आधी नुसते जू, मग मागे ओंडका, मग रिकामी गाडी, असा क्रम. हाकणाऱ्याचे कसब ओढण्यापेक्षा सैल सोडण्यात दिसते. गोऱ्ह्याने योग्य बाजूला मान वळवली त्याच क्षणी कासरा ढिला पडला पाहिजे. तो ढिलेपणा हेच त्याचे बक्षीस. कुत्र्याच्या पिल्लाला पट्ट्यावर चालवतानाही हेच तत्त्व लागते, आणि दाब काढून घेतल्याने वागणूक पक्की होते हे विसाव्या शतकात मानसशास्त्राने मांडले. गोठ्यात ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होते.

ज्या बैलांनी वऱ्हाडचा कापूस दूरदेशी नेला, त्यांना मात्र कासऱ्याची फारशी गरज नव्हती. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीकडचा कापूस सुमारे पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला आणि तिथून गंगेने कलकत्त्याला जात असे. तो वाहणारे बंजाऱ्यांचे लदणीचे बैल कळपाने चालत. पुढे घंटा बांधलेला, सजवलेला म्होरक्या, आणि बाकीचे त्याच्या मागे. 1842 मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने या वाटेने एक लाख बैलांचा माल पाठवल्याची नोंद आहे. एवढ्या जनावरांना दोरीने कोण हाकणार?

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. 1861 ते 1865 या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले आणि 1867 मध्ये मुंबईहून अकोल्यावरून जाणारा लोहमार्ग नागपूरला पोचला. लांब पल्ल्याची लदणी संपली, पण बैलाचे काम कमी झाले नाही. शेतापासून अकोला, खामगाव, कारंजा इथल्या बाजारांपर्यंत गाड्यांची रीघ लागू लागली. गर्दीत, बुजवणाऱ्या आवाजांत, दुसऱ्या गाडीच्या धुऱ्याला धक्का न लावता चालणे ही नवी परीक्षा होती. 1908 च्या सुमाराच्या इम्पीरियल गॅझेटियरने अकोल्याकडच्या वऱ्हाडी जनावरांत लहान चणीचा उमरडा आणि मोठ्या चणीचा खामगावी असा भेद केलेला आढळतो.

तरीही सर्वांत कठीण शिक्षण गाडीचे नव्हे, उभ्या पिकात चालणाऱ्या डवऱ्याचे. वखराला मोकळे रान असते. तिथे पाऊल वाकडे पडले तरी फारसे बिघडत नाही. डवरणीत दोन्ही बाजूंना उभी पऱ्हाटी असते आणि प्रत्येक बैलाला आपल्याच तासातून चालायचे असते. एक पाऊल चुकले की झाड मोडते. कोवळ्या पाल्याला तोंड लावू नये म्हणून मुसके बांधतात, त्यामुळे दोरीच्या इशाऱ्याखेरीज लक्ष द्यायला दुसरे काही उरत नाही. नव्या गोऱ्ह्याला म्हणूनच आधी उन्हाळ्यात वखराला जुंपतात आणि डवऱ्याला तो पुढच्या हंगामात येतो. घाईने आणलेला गोऱ्हा पिकाचेही नुकसान करतो आणि स्वतःचेही, कारण मग फटके सुरू होतात.

हे सगळे दोर घरचे असत. धुऱ्यावर किंवा पिकात मिसळून अंबाडी पेरायची, काढल्यावर पाण्यात कुजवून तिची साल सोलायची आणि वाख वळायचा. पोळ्याला, श्रावण अमावास्येला, बैलाला नवी वेसण आणि नवा कासरा मिळतो, तो याच वाखाचा असे. आता नायलॉन सगळीकडे आहे. तो स्वस्त आणि टिकाऊ खरा, पण नाकाला काचतो.

कायदा उशिरा आला. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली 1965 मध्ये ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. टोकदार आरीला त्यांनी बंदी घातली, दिवसाला नऊ तासांची मर्यादा ठरवली, आणि पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी 12 ते 3 जुंपू नये असे सांगितले. अकोल्याच्या उन्हाळ्यात हा शेवटचा नियम जवळजवळ रोजच लागू पडेल.

ट्रॅक्टरने नांगरट आणि वाहतूक घेतली. डवरणी काही अंशी बैलांकडे राहिली आणि शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, तर पूर्णपणे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट त्यासाठी प्रसिद्ध आहे. पटाच्या गोऱ्ह्याची तालीम वेगळी: तिथे धुरकरी त्याला थांबायला कमी आणि सुटायला जास्त शिकवतो. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी ती दुरुस्ती वैध ठरवली.